सोयाबीनच्या दुधापासून इथेनॉलपर्यंत : विनोद खोसला यांची वाटचाल आणि आपल्या गटाचे पैसे



मागच्या महिन्यात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात फुलंब्री तालुक्यातल्या एका गटाच्या अध्यक्ष ताई आल्या. सोबत सचिव होत्या. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची धाटं बारीक करून त्यांच्या इंधन कांड्या बनवायचं यंत्र होतं ते. किंमत साडेचार लाख. विक्रेत्यानं त्यांना सांगितलं होतं, "इंधनाचा धंदा आहे, कधी बंद पडत नाही. परदेशात आपली माणसं यातूनच अब्जाधीश झालीत."

ताईंचा प्रश्न सरळ होता. "कर्ज घ्यायचं का, ते सांगा."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना म्हटलं, परदेशात कोण आणि कसं मोठं झालं, ते आधी नीट पाहू. तीच माहिती आज तुम्हाला सांगते. कारण असं माहितीपत्रक आज ना उद्या तुमच्याही गटाच्या बैठकीत येणार आहे.

विनोद खोसला हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. संगणकाच्या जगात आणि नंतर पर्यायी ऊर्जेच्या जगात ते फार मोठं नाव आहे. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९५५ चा, आपल्या पुण्यातला. घर पंजाबी, वडील लष्करात. मुलानंही लष्करात जावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलाच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. शाळकरी वयात त्यानं एका तांत्रिक मासिकात अमेरिकेतल्या इंटेल कंपनीबद्दल वाचलं. बाहेरच्या देशातून आलेला एक माणूस तिथं जाऊन एवढी कंपनी उभी करू शकतो, हे त्याच्या मनात बसलं.

दिल्लीच्या आयआयटीतून ते १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले. त्यांनी पहिला धंदा करून पाहिला तो संगणकाचा नव्हता, सोयाबीनच्या दुधाचा होता. वय वीसच्या आसपास. घरोघरी फ्रीज नव्हते, म्हणून फ्रीजशिवाय चालेल असं दूध लोकांना द्यावं, असा विचार होता. तो धंदा जमला नाही. आज आपल्या मराठवाड्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आहे. सोया दूध, सोया पनीर करून पाहणारे गटही आहेत. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला जवळची वाटते.

पुढे ते अमेरिकेत शिकायला गेले. १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतली. १९८२ मध्ये तीन मित्रांसोबत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी काढली. यातला 'सन' म्हणजे सूर्य नव्हे, तर स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या तीन शब्दांची ती पहिली अक्षरं. इंजिनियर लोकांना टेबलावर ठेवून काम करता येईल असे ताकदवान संगणक ही कंपनी बनवत असे. खोसला तिचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी होते. सहा वर्षांत कंपनीची वर्षाची विक्री शंभर कोटी डॉलरवर गेली. पण तोवर खोसला तिथून बाहेर पडले होते.

१९८६ मध्ये ते क्लायनर पर्किन्स नावाच्या गुंतवणूक संस्थेत गेले. आता ते स्वतः वस्तू बनवत नव्हते. दुसऱ्यांच्या नव्या कंपन्यांत पैसे घालत होते. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, खोसला व्हेंचर्स. आणि इथून त्यांनी मोठी रक्कम पर्यायी ऊर्जेकडे वळवली. पेट्रोलला पर्याय, सूर्याच्या उष्णतेपासून वीज, नव्या बॅटऱ्या, कमी प्रदूषणाचं सिमेंट, अशा कितीतरी कंपन्यांत त्यांनी पैसे घातले.

आता थोडं थांबून हे पैसे कसे चालतात ते समजून घेऊ. आपल्या निर्णयाची किल्ली इथंच आहे.

याला जोखीम भांडवल म्हणतात. एक साधा हिशोब धरा. एका माणसानं दहा कंपन्यांत एक एक कोटी घातले. सात बुडाल्या. दोघींनी घातले तेवढेच परत दिले. एक मात्र अशी चालली की एका कोटीचे पन्नास कोटी झाले. दहा घातले आणि बावन्न आले. सात बुडूनही तो माणूस श्रीमंत झाला. खोसला उघडपणे सांगतात की त्यांना अपयशाची भीती वाटत नाही. त्यांच्या धंद्याचं गणितच तसं आहे.

आता आपल्या गटाचं गणित मांडा. दहा जणींना वीस वीस हजार अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दोन रुपये व्याजानं. एका बाईनं वर्षभर पूर्ण रकमेवर व्याज भरलं तरी ते होतं चार हजार आठशे. एकीचे वीस हजार बुडाले, तर ते भरून काढायला चौघींपेक्षा जास्त जणींचं अख्ख्या वर्षाचं व्याज लागतं. कोणाही एकीच्या कर्जातून पन्नास पट पैसे परत येत नाहीत. म्हणून ज्यांना सात कंपन्या बुडालेल्या चालतात, त्यांचं धाडस आपण उसनं घ्यायचं नाही. त्यांची माहिती घ्यायची, त्यांचे धडे घ्यायचे.

त्यांच्या अपयशातले धडे तर फुकट मिळतात. त्यातला एक पाहू.

उसाच्या रसात साखर मोकळी असते. यीस्ट घातलं की ती आंबते, त्यातून अल्कोहोल तयार होतं, ते गाळून शुद्ध केलं की इथेनॉल. मक्याच्या दाण्यात साखर नसते, पीठ असतं. आधी पिठाची साखर करायची, मग आंबवायचं. पण पऱ्हाटी, धानाचा पेंढा, लाकूड यांत साखर साखळीसारखी गुंफलेली असते आणि तिच्यावर लिग्निन नावाच्या कडक पदार्थाचं कुलूप असतं. पऱ्हाटी जनावर खात नाही, ते उगाच नाही. हे कुलूप उघडायला वाफ, रसायनं आणि महागडी विकरं लागतात. हे स्वस्तात जमलं तर शेतातल्या काडीकचऱ्याचं पेट्रोल होईल, म्हणून जगभर लोक याच्या मागे लागले.

खोसलांनी पैसे घातलेल्या रेंज फ्युएल्स या कंपनीनं अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लाकडापासून इंधन करायचा कारखाना काढला. सरकारनं अनुदान दिलं, कर्जाला हमी दिली. २०११ मध्ये तो बंद पडला. दुसरी कंपनी किऑर. ती हवा न लागू देता लाकडाचा भुगा तापवून, त्यात उत्प्रेरक वापरून कच्च्या तेलासारखं तेल काढत होती. मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावी कारखाना उभा राहिला. राज्यानं साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. राज्याच्या कर्जातला मोठा भाग बुडाला.

कारण काय? ऊस पिकवणाऱ्या बायांना एका शब्दात कळेल. उतारा. प्रयोगशाळेत टनामागे जेवढं तेल निघत होतं, तेवढं मोठ्या कारखान्यात निघालं नाही. यंत्रं सलग चालली नाहीत. कागदावरचा उतारा आणि प्रत्यक्षातला उतारा यांच्या फरकात अख्खा कारखाना गेला. खोसलांचेही पैसे गेले, पण ते उभे राहिले. त्या गावातल्या कामगारांकडे मात्र दुसऱ्या नऊ कंपन्या नव्हत्या.

सगळंच बुडालं असं नाही. लान्झाटेक ही त्यांनी सुरुवातीला पैसे घातलेली कंपनी. पोलाद कारखान्याच्या धुराड्यातून जाणारा वायू जिवाणूंना खायला घालून ती इथेनॉल करते. चीनमध्ये २०१८ मध्ये तिच्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला.

खोसलांची एक कसोटी मला फार पटते. ते म्हणतात, स्वच्छ ऊर्जेची कोणतीही नवी गोष्ट भारत आणि चीनमधल्या साध्या गिऱ्हाइकाला अनुदानाशिवाय परवडली पाहिजे, तरच तिचा जगाला उपयोग. म्हणजे ज्या अब्जाधीशाचं नाव विक्रेता सांगतो, त्याचीच कसोटी आपण विक्रेत्याला लावू शकतो. "दादा, सबसिडी काढून टाकली तर हे यंत्र परवडतं का, तेवढं सांगा."

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. पुण्यात प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी आहे. संस्थापक प्रमोद चौधरी. मुंबईच्या आयआयटीतून १९७१ चे मेकॅनिकल इंजिनियर. काही वर्षं नोकरी केली आणि १९८३ मध्ये प्राज सुरू केली. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल करणारे प्रकल्प बसवून देणं, हा सुरुवातीचा धंदा. पुढं खोसलांनीही या कंपनीचे काही शेअर घेतले होते. चौधरी एकच काम चाळीस वर्षं करत राहिले. आधी मळी, मग उसाचा रस, धान्य आणि मग काडीकचरा. काडीकचऱ्यापासून इंधन करायचा नमुना प्रकल्प २०१७ मध्ये त्यांनी दौंड तालुक्यात उभा केला. आधी छोटा करून पाहिला, मग मोठा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प देशाला अर्पण झाला, त्याचं तंत्रज्ञान प्राजचं. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा आहे. म्हणजे टनाला सुमारे दीडशे लिटर.

यात आपला संबंध कुठं येतो? तीन ठिकाणी येतो.

पहिला, पाणी. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आता देशभर आहे. त्यातला मोठा वाटा अनेक वर्षं उसाचा राहिला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर एकशे नव्वद हंडे. ज्या गावात मार्चपासून टँकर लागतो, तिथल्या बाईला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा, सरकारी धोरण. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली. त्यासाठी कोट्यवधी खर्चून बसलेल्या कारखान्यांची अडचण झाली. मोठ्या कारखान्याला एका आदेशानं घाम फुटतो, तर धोरणाच्या भरवशावर कर्ज घेणाऱ्या गटाचं काय होईल?

तिसरा, आपली चूल. पऱ्हाट्या आणि तुराट्या म्हणजे कचरा, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे पाणी तापवायला, भाकरी करायला त्याच तर वापरतात. हा माल यंत्रात गेला, तर घरी सिलिंडर किती जास्त लागतील, हे बाईलाच मोजावं लागेल. ते कोणत्याच माहितीपत्रकात नसतं.

खोसलांच्या गोष्टीत आणखी एक पान आहे. बचत गटाच्या बाईनं ते वाचायलाच हवं. त्यांनी हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्स या कंपनीतही पैसे घातले होते. गावोगावच्या बायांचे गट करून कर्ज देणारी ही कंपनी. २०१० मध्ये ती शेअर बाजारात आली आणि गुंतवणूकदारांना मोठा फायदा झाला. मिळालेल्या फायद्यातून गरिबांसाठी धंदा करणाऱ्यांना भांडवल देऊ, असं खोसलांनी जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारनं अशा कंपन्यांच्या वसुलीवर कडक अध्यादेश काढला, कारण एकेका बाईच्या डोक्यावर तीन तीन, चार चार कंपन्यांची कर्जं झाली होती. तेव्हा वर नफा दिसत असला, तरी खाली हप्ता कोण भरतंय, ते पाहायची सवय आपण ठेवू.

मी हे एवढं का बोलतेय, तेही सांगते. सहा वर्षांपूर्वी मी नवीन होते. एका विक्रेत्याचे सोलर कंदील मला आवडले. मीच एका गटाला सांगितलं की घ्या, विका, चांगला फायदा आहे. गटानं साठ हजार गुंतवले. पावसाळ्यात बॅटऱ्या गेल्या. विक्रेत्याचा फोन लागेना. आठवडी बाजारात बायांना गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. त्यांनी हप्ते भरले, एकही चुकवला नाही, पण वर्षभरात गट मोडला. त्यातल्या एक मावशी अजून रस्त्यात भेटतात. काही बोलत नाहीत, फक्त विचारतात, "काय मग ताई, नवीन काय आणलंय?" सौरऊर्जा वाईट नव्हती. चालू माल पाहिला नव्हता, दुरुस्ती कोण करणार ते विचारलं नव्हतं, लेखी काही घेतलं नव्हतं. चूक तिथं होती आणि ती माझी होती.

नवी ऊर्जा बायांच्या हातात येऊच नये, असं मी म्हणत नाही. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. वैभव तिडके हा अंबाजोगाईकडचा मुलगा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकला. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारं वाळवणयंत्र बनवलं आणि एस फॉर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. मराठवाड्यातल्या बाया घराजवळच कांदा, आलं, भाजीपाला वाळवतात आणि वाळलेला माल कंपनी विकत घेते. २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. यातली समजून घ्यायची गोष्ट ही की यंत्रासोबत गिऱ्हाईकही ठरलेलं आहे. माल कोण घेणार, हा प्रश्न एकट्या बाईवर टाकलेला नाही.

तर फुलंब्रीच्या ताईंसोबत बसून आम्ही पाच प्रश्न वहीत लिहिले. तुम्हीही लिहून घ्या.

एक, कच्चा माल वर्षाचे किती महिने मिळतो? पऱ्हाट्या उपटल्या की दोन तीन महिने ढीग असतात. पुढं साठवायच्या कुठं? पावसात भिजल्या तर? आग लागली तर?

दोन, उतारा किती? विक्रेत्याच्या गोदामातला चालेल असा समजू नका. दुसऱ्या गावात एक वर्ष जुनं झालेलं यंत्र दाखवा म्हणायचं. तिथल्या माणसाला लाईट बिल, दिवसातले थ्री फेजचे तास आणि झिजणाऱ्या भागांचा खर्च विचारायचा.

तीन, माल घेणार कोण? कोणत्या भावानं, किती महिने? लेखी.

चार, सबसिडी आली नाही किंवा दोन वर्षं उशिरा आली, तरी हप्ता निघतो का?

पाच, बुडालं तर कोणाचं बुडेल? विक्रेत्याचं काही बुडणार नसेल आणि सगळं आपलंच बुडणार असेल, तर तो भागीदार नाही.

दोघी गावी गेल्या. बैठक घेतली. मग चौघी जणी एसटीनं दुसऱ्या तालुक्यात जाऊन चालू यंत्र पाहून आल्या. तिथल्या मालकानं खरं ते सांगितलं. हंगामात यंत्र चालतं, जून ते ऑक्टोबर बंद असतं. हातोडे लवकर झिजतात. घेणारा कारखाना ओला माल परत पाठवतो आणि गाडीभाडं आपल्या अंगावर पडतं. पण त्याच्याकडे स्वतःची शेड आहे आणि ट्रॅक्टर आहे, म्हणून त्याचं भागतं.

गटानं सध्या कर्ज न घ्यायचं ठरवलं. येत्या हंगामात घरची गरज बाजूला ठेवून उरलेल्या पऱ्हाट्या वाळवून, मोळ्या बांधून त्याच मालकाला विकून पाहायच्या. किती निघतात, काय भाव मिळतो, पैसे किती दिवसांनी येतात, हे सगळं वहीत मांडायचं. गटातल्या एका तरुण मुलीला हे आवडलं नाही. ती म्हणाली, "ताई, तोवर दुसरं कोणी यंत्र घेतलं तर? आपण नेहमी मागंच राहायचं का?"

तिचं म्हणणं खोटं नाही. थांबण्याचीही किंमत असते. म्हणून मी तिलाच त्या वहीचं काम दिलंय. हंगाम संपला की तिचे आकडे घेऊन आम्ही पुन्हा उस्मानपुऱ्यात बसणार आहोत. आकडे चांगले निघाले, तर कर्जाच्या अर्जावर पहिली सही करायला मी स्वतः तिच्यासोबत बँकेत जाईन.

तुमच्या गटातही असं माहितीपत्रक आलं असेल, तर पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्यानं वाचा. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, त्याच्यापुढं कोरी जागा ठेवा. ती भरल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.